डिस्कची फाइल सिस्टिम तपासणं आणि दुरुस्त करणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली जिथे कमांड आल्या आहेत, तिथे त्या फोनवर सांगाव्यात तशा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची. तुम्ही आत्ता अडचणीत असाल आणि डिस्कवरच्या डेटाची दुसरी प्रत कुठेच नसेल, तर बाकीचं नंतर वाचा. आधी पाचवा आणि सहावा प्रश्न वाचा, आणि तोवर कुठलीही कमांड चालवू नका.

१. फाइल सिस्टिम बिघडली म्हणजे नेमकं काय बिघडलं?

जमीन आणि सातबारा यांत जो फरक, तोच डिस्कवरचा डेटा आणि फाइल सिस्टिम यांत. तुमचा फोटो डिस्कच्या कुठल्या तरी ब्लॉकमध्ये, म्हणजे ठरावीक मापाच्या छोट्या कप्प्यात, पडलेला असतो. तो कुठून सुरू होतो, केवढा आहे, कुठल्या फोल्डरात दाखवायचा, ही नोंद मात्र वेगळ्या दप्तरात असते. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये या दप्तराला मास्टर फाइल टेबल म्हणतात, फॅट३२मध्ये फाइल अलोकेशन टेबल, लिनक्सच्या ईएक्सटी४मध्ये आयनोड टेबल. फाइल सिस्टिम बिघडते तेव्हा बहुतेक वेळा जमीन जागेवरच असते, दप्तर चुकलेलं असतं. एकाच गटावर दोन खातेदारांची नावं चढावीत तशा दोन फायली एकाच ब्लॉकवर हक्क सांगतात, त्याला क्रॉस-लिंक म्हणतात. काही ब्लॉक भरलेले दिसतात पण कुणाच्याच नावावर नसतात, ते लॉस्ट क्लस्टर (क्लस्टर हे विंडोजमधलं ब्लॉकचंच नाव).

दुरुस्तीचं टूल हे दप्तर जुळवून देतं. जमीन खरी कुणाची होती हे त्याला ठाऊक नसतं आणि ते विचारतही नाही. नोंद जुळत नसेल तर ती खोडून टाकणं, हीसुद्धा त्याच्या हिशेबी दुरुस्तीच. म्हणून ‘एरर दुरुस्त झाले’ याचा अर्थ ‘माझ्या फायली वाचल्या’ असा कधीच घेऊ नका. या पानावरची बाकीची सगळी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

२. नोंदी चुकतातच कशा?

एक फाइल सेव्ह करताना डिस्कवर तीन-चार ठिकाणी लिहावं लागतं: मजकूर, फाइलची नोंद, फोल्डरची यादी, मोकळ्या जागेचा नकाशा. यातली दोन कामं झाली आणि लाइट गेली, की दप्तर अर्धवट राहतं. पेन ड्राइव्ह इजेक्ट न करता ओढून काढला तरी तेच. कॉपीची हिरवी पट्टी संपलेली दिसते, पण काही भाग अजून कॅशेमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेतच, असू शकतो. विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून पेन ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ (मेमरीत न थांबवता लगेच लिहायचं) हे आपोआप निवडलेलं असतं, त्यामुळे हा धोका कमी झाला. संपला मात्र नाही.

हे टाळायला जर्नल आलं. काम करण्याआधी ‘मी हे करणार आहे’ अशी टिपणी लिहून ठेवायची, म्हणजे मध्येच वीज गेली तर उठल्यावर टिपणी बघून काम पुरं करता येतं किंवा मागे घेता येतं. एनटीएफएसमध्ये हे १९९३ पासून आहे, ईएक्सटी३ आणि ईएक्सटी४मध्येही आहे. फॅट३२ आणि एक्सफॅटमध्ये नाही. आणि नेमक्या याच दोन पद्धती पेन ड्राइव्ह आणि कॅमेऱ्याच्या कार्डांवर असतात, म्हणजे ज्या वस्तू आपण दिवसातून चार वेळा काढतो-घालतो त्यांवर.

याशिवाय खराब रॅम, सैल किंवा खराब केबल आणि मरायला टेकलेली डिस्क हीही कारणं असतात. शेवटचं कारण सगळ्यांत घातक, कारण ते वरवर वीज जाण्यासारख्या साध्या कारणासारखंच दिसतं.

३. लाइट गेल्यावर पीसी सुरू केला की निळ्या-काळ्या स्क्रीनवर आपोआप तपासणी सुरू होते. चालू द्यावी का?

व्हॉल्यूम (म्हणजे सी, डी असा एक ड्राइव्ह) नीट बंद झाला नाही किंवा त्यात गडबड आढळली, की विंडोज त्यावर एक खूण करून ठेवतं. तिला डर्टी बिट म्हणतात. पुढच्या वेळी सुरू होताना ती खूण दिसली की तपासणी सुरू होते, आणि त्याआधी काही सेकंद कुठलंही बटण दाबून ती टाळता येते.

पीसी कालपर्यंत व्यवस्थित होता, डिस्कचा आवाज नेहमीसारखा आहे आणि कारण फक्त गेलेली वीज आहे, तर चालू द्या. बऱ्याचदा दोन-चार मिनिटांत संपते. पण गेले काही दिवस मशीन अडकत असेल, फोल्डर उघडायला मिनिटभर लागत असेल किंवा आतून टक-टक येत असेल, तर बटण दाबून तपासणी टाळा आणि थेट पाचव्या प्रश्नाकडे या.

४. चेकडिस्क हाताने कशी चालवायची? स्लॅश एफ आणि स्लॅश आर यांत फरक काय?

चेकडिस्क म्हणजे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारं विंडोजचं टूल. सोपा रस्ता असा: ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. मी स्वतः कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडून चालवतो, कारण तिथे काय चाललंय ते दिसतं.

चेकडिस्कचं नाव टाइप करताना सी-एच-के-डी-एस-के अशी सहा अक्षरं. पुढे स्पेस, ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन. एवढंच दिलं तर ती फक्त वाचते, काही बदलत नाही. सुरुवात नेहमी इथून करा. एक सावधगिरी: चालू असलेल्या सी ड्राइव्हवर अशी तपासणी केली तर नसलेले एररही दिसू शकतात, कारण तपासणी चालू असतानाच विंडोज तिथे लिहीत असतं. तेवढ्यावरून घाबरू नका. विंडोज ८पासून स्लॅश स्कॅन हा पर्याय आला. तो एनटीएफएस ड्राइव्ह वापरात असतानाच तपासतो आणि सी ड्राइव्हसाठी तोच बरा.

स्लॅश एफ म्हणजे नोंदी दुरुस्त करा. हे काम तीन टप्प्यांत होतं: फायलींच्या मूळ नोंदी, नावं आणि फोल्डरांची सांगड, मग सुरक्षेच्या परवानग्या. स्लॅश आरमध्ये स्लॅश एफ आलंच, वर आणखी दोन टप्पे येतात: फायलींनी व्यापलेला प्रत्येक सेक्टर (डिस्कचा सगळ्यांत छोटा कप्पा) वाचून बघायचा आणि मग मोकळी जागाही. एक टीबीची हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे एमबीच्या वेगाने सलग वाचली तरी जवळपास दोन तास लागतात. प्रत्यक्षात तेवढा वेग शेवटपर्यंत टिकत नाही, म्हणून रात्रभराची तयारी ठेवावी. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसा.

सी ड्राइव्हवर स्लॅश एफ दिलं तर ‘पुढच्या रीस्टार्टला करू का’ असं विचारतं, वाय दाबायचं. रीस्टार्टनंतरचा निकाल स्क्रीनवरून निघून जातो, पण तो हरवत नाही. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, अ‍ॅप्लिकेशन, आणि तिथे ‘विनइनिट’ या सोर्सची १००१ क्रमांकाची नोंद बघा. त्यात ‘केबी इन बॅड सेक्टर्स’ अशी एक ओळ असते. तिच्यासमोर शून्य असेल तर ठीक. शून्य नसेल तर तुमचा प्रश्न फाइल सिस्टिमचा नाही, डिस्कचाच आहे.

५. डिस्क स्वतःच खराब होतेय की फक्त नोंदी चुकल्यात, हे दुरुस्तीआधी कसं ओळखायचं?

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर आणि लिनक्सवर स्मार्टसीटीएल ही कमांड ती वाचून दाखवते. यादी लांबलचक असते. मी चारच ओळी बघतो.

क्रमांक ५, रीअलोकेटेड सेक्टर: खराब झाले म्हणून बाजूला काढलेले आणि ज्यांच्या जागी राखीव सेक्टर लावले असे. क्रमांक १९७, पेंडिंग सेक्टर: वाचता येत नाहीत, पण अजून बाजूलाही काढलेले नाहीत. क्रमांक १९८: वाचण्याचा प्रयत्न करूनही न जमलेले. आणि १९९, सीआरसी एरर, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातली वाट खराब. नुसता १९९ वाढत असेल तर बहुधा साटा केबल बदलून काम भागतं, आणि केबल डिस्कच्या मानाने अगदीच स्वस्त पडते. पण १९७ शून्यावर नसेल, तर त्या डिस्कवर दुरुस्तीची एकही कमांड चालवू नये, हे माझं ठाम मत आहे.

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हे क्रमांक ०५, सी५, सी६, सी७ असे दिसतात आणि आकडेही मूळ सेटिंगमध्ये त्याच सोळाच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीत, म्हणजे ९ नंतर ए ते एफ, असतात; वाचताना गफलत होऊ देऊ नका. वर पिवळं ‘कॉशन’ आलं असेल तर ‘अजून लाल कुठे झालंय’ म्हणत थांबू नका. यूएसबीने जोडायच्या डिस्कच्या काही केसमधून (बाहेरच्या डब्यातून) मात्र ही माहिती बाहेर येतच नाही. अशा वेळी डिस्क केसमधून काढून थेट जोडावी लागते.

६. मग दुरुस्तीच्या आधी काय करायचं?

प्रत घ्यायची. आधी कॉपी, मग दुरुस्ती. हा क्रम मी एकदा उलटा केला होता, ते सांगतो.

लग्नाचे फोटो काढणारे एक ओळखीचे गृहस्थ बाहेरची हार्ड डिस्क घेऊन आले. फोल्डर उघडत नव्हते. ‘सीझन चालू आहे, लवकर करून द्या’ म्हणाले. मी स्मार्ट न बघता स्लॅश एफ चालवलं. स्क्रीनवर ‘डिलीटिंग इंडेक्स एन्ट्री’ अशा ओळी धावायला लागल्या आणि प्रत्येक ओळीत फोल्डरचं नाव होतं: हळद, सीमांतपूजन, मुहूर्त, वरात. काय होतंय ते कळेपर्यंत दोन लग्नं त्या यादीतून गेली होती. डिस्कचं हेड (वाचणारा भाग) एका पट्ट्यात नीट वाचत नव्हतं, म्हणून चेकडिस्कला त्या नोंदी विसंगत वाटल्या आणि तिने त्या खोडल्या. तिने तिचं काम चोख केलं. ते त्या डिस्कवर चालवणं ही चूक माझी होती. नंतर जेवढे फोटो हाती लागले ते नावाशिवाय आणि तारखेशिवाय. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. कुठला फोटो कुठल्या घरचा, हे ओळखत ते आठ दिवस रात्री बसले होते.

तेव्हापासून पद्धत ठरलेली आहे. डिस्क वाचता येतेय आणि स्मार्ट स्वच्छ आहे, तर महत्त्वाचे फोल्डर सरळ दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. सगळ्यांत आधी दुसरीकडे कुठेच नसलेल्या गोष्टी घ्या. सिनेमे आणि सेटअप फायली राहिल्या तरी चालतील.

डिस्क अडखळत असेल तर फोल्डर कॉपी करत बसू नका, पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत घ्या. त्यासाठी लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून (ज्यावरून लिनक्स इन्स्टॉल न करता थेट चालतं असा पेन ड्राइव्ह) जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. त्याची खुबी अशी की ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलून घेतं, अडणारा भाग सोडून पुढे जातं आणि शेवटी मागे राहिलेल्या जागांकडे वळतं. कुठलं वाचलं, कुठलं राहिलं याची नोंद ते मॅप फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मध्ये बंद पडलं तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. ही मॅप फाइल तिसऱ्याच ठिकाणी ठेवा. नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी हवी.

कमांडमध्ये आधी जुन्या डिस्कचं नाव, मग नव्या डिस्कचं. उलट झालं तर कोरी डिस्क तुमच्या डेटावर लिहिली जाईल. जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणाऱ्या एलएसबीएलके कमांडने दोन्हींचा आकार आणि सीरियल नंबर बघा, कागदावर लिहा, डिस्कवरच्या लेबलशी ताडून बघा आणि मगच एन्टर दाबा. एकदा प्रत झाली की चेकडिस्क, टेस्टडिस्क (सातव्या प्रश्नात येतं), जे काही चालवायचं ते त्या प्रतीवर. बिघडलं तर प्रत पुन्हा घेता येते.

७. पेन ड्राइव्ह लावला की ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ म्हणतंय. करू का?

नाही. कॅन्सल दाबा. विंडोजला सुरुवातीचा बूट सेक्टर (ड्राइव्हची मूळ माहिती असलेला सेक्टर) किंवा मूळ टेबल ओळखता आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. चेकडिस्क अशा वेळी ‘फाइल सिस्टिम रॉ आहे’, म्हणजे ओळखता येत नाही, असं म्हणून हात वर करते.

बूट सेक्टरची राखीव प्रत डिस्कवरच असते, फॅट३२मध्ये सहाव्या सेक्टरवर आणि एनटीएफएसमध्ये व्हॉल्यूमच्या शेवटी. टेस्टडिस्क हे मोफत सॉफ्टवेअर ती शोधून परत जागेवर ठेवू शकतं. तेही जमलं नाही तर त्याचंच जोडीदार फोटोरेक आहे. ते दप्तराकडे बघतच नाही. ब्लॉक वाचत जातं आणि मजकुराच्या सुरुवातीच्या खुणांवरून ‘हा जेपीजी, हा पीडीएफ’ असं ओळखतं. नाव मात्र परत मिळत नाही. वाचवलेल्या फायली दुसऱ्या डिस्कवरच काढा, त्याच पेन ड्राइव्हवर कधीच नको.

फॉरमॅट आधीच करून बसला असाल तर तो क्विक होता का ते आठवा. क्विक फॉरमॅट फक्त दप्तर नवं करतो, तेव्हा आशा आहे. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितो; त्यानंतर काही उरत नाही.

८. चेकडिस्कनंतर ‘फाउंड डॉट ०००’ नावाचा फोल्डर आलाय. उडवू का?

थांबा. ज्या तुकड्यांचा मालक सापडला नाही ते तिथे ठेवलेले असतात, नावाच्या शेवटी डॉट सीएचके लावून. तुमच्या हरवलेल्या फायली बाकी ठिकाणी सापडल्या असतील तरच तो फोल्डर काढा. नाहीतर त्याची प्रत घेऊन एकेका तुकड्याचं एक्स्टेन्शन बदलून बघता येतं. जेपीजी लावून फोटो उघडला तर उघडला. लिनक्समध्ये हीच जागा ‘लॉस्ट प्लस फाउंड’ या फोल्डरची, आणि तिथली नावं म्हणजे नुसते आयनोडचे आकडे.

डीटीपीवाल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. वाचवलेली मराठी फाइल उघडली आणि इंग्रजी अक्षरांचा, चिन्हांचा गिचमिडीत मजकूर दिसला, तर ती लगेच खराब ठरवून फेकू नका. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट मशीनवर नसेल तर असाच दिसतो. फॉन्ट टाका आणि मग ठरवा. असे गठ्ठेच्या गठ्ठे ‘करप्ट’ म्हणून टाकून द्यायला आणलेले मी पाहिले आहेत, आणि ते धडधाकट निघाले.

९. लिनक्सवर काय करायचं?

पहिला नियम: माउंट असलेल्या (म्हणजे वापरायला जोडलेल्या), लिहिता येणाऱ्या पार्टिशनवर एफएससीके, म्हणजे लिनक्सची तपासणीची कमांड, चालवायची नाही. दप्तर उघडं ठेवून दोघांनी एकाच वेळी खाडाखोड केल्यासारखं होतं. रूट पार्टिशन (ज्यावर लिनक्स स्वतः आहे ते) असेल तर लाइव्ह यूएसबीवरून बूट करा.

ईएक्सटी४साठी ई२एफएससीके. आधी डॅश एन, म्हणजे फक्त बघते आणि प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ म्हणते. किती आणि काय निघतं ते वाचा. पाच पास (फेऱ्या) असतात: आयनोड, फोल्डरांची रचना, फोल्डर एकमेकांना जोडलेले आहेत का, लिंकची मोजणी आणि शेवटी मोकळ्या जागेचा हिशोब. नुसत्या पाचव्या पासमध्ये आकडे चुकले असतील तर मामला किरकोळ. पहिल्याच पासमध्ये शेकडो प्रश्न आले तर थांबा आणि प्रत घ्या. डॅश वाय म्हणजे सगळ्याला ‘हो’. प्रत हातात असल्याशिवाय ते देऊ नये.

बूट होताना ‘इनिटरॅमएफएस’ असं लिहून काळा स्क्रीन थांबला, तर वर कुठल्या पार्टिशनचं नाव आलंय ते बघा, तिथेच त्या नावाने एफएससीके चालवा, संपल्यावर एक्झिट. सुपरब्लॉकच (फाइल सिस्टिमची मूळ माहिती असलेला ब्लॉक) वाचता येत नसेल तर त्याच्या राखीव प्रती असतात. चार केबीच्या ब्लॉकवर पहिली ३२७६८ क्रमांकावर, ती डॅश बी देऊन सांगायची.

एक्सएफएस या लिनक्सच्याच दुसऱ्या फाइल सिस्टिमवर एफएससीके काहीच करत नाही, मुद्दामच तसं ठेवलेलं आहे. तिथे एक्सएफएस रिपेअर वापरायचं. त्यातलं कॅपिटल एल जर्नल पुसून टाकतं, म्हणून तो सगळे उपाय थकल्यावरचा पर्याय. बीटीआरएफएस या आणखी एका फाइल सिस्टिमवर ‘चेक’ला ‘रिपेअर’ जोडण्याआधी जाणकाराला विचारा. त्याने स्थिती आणखी बिघडू शकते.

१०. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

हा बहुतेक वेळा बिघाड नसतोच. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप आलं. शटडाउन केल्यावर मशीन पूर्ण बंद न होता अर्धवट हायबरनेट होतं आणि ड्राइव्ह ‘वापरात’ राहतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा. लिनक्सचं एनटीएफएसफिक्स हे चेकडिस्क नव्हे. ते दोन-चार ढोबळ गोष्टी सुधारतं आणि विंडोजने पुढच्या वेळी तपासावं अशी खूण करून ठेवतं. एनटीएफएसची खरी दुरुस्ती विंडोजमध्येच करावी.

११. मॅकवर?

डिस्क युटिलिटी, फर्स्ट एड. ‘शो ऑल डिव्हाइसेस’ चालू करा आणि खालून वर जा: आधी व्हॉल्यूम, मग कंटेनर (ज्यात व्हॉल्यूम असतात तो भाग), मग पूर्ण डिस्क. चालू सिस्टिमच्या डिस्कवर एरर निघाला तर रिकव्हरीमधून तेच पुन्हा करा. बॅकअपचा नियम इथेही तोच.

१२. एसएसडीला हे सगळं लागू आहे का?

नोंदी चुकणं तिथेही तसंच होतं, म्हणून स्लॅश एफ लागू आहे. स्लॅश आरचा तिथे फारसा उपयोग नाही, कारण खराब ब्लॉक आतला कंट्रोलर (नियंत्रण करणारी चिप) स्वतःच सांभाळतो. मोठा फरक डिलीट झालेल्या फायलींत आहे. एसएसडीवर ट्रिम चालू असतं. ‘हे ब्लॉक आता नको’ असं कळलं की कंट्रोलर ते रिकामे करतो, आणि मग फोटोरेकलाही काही सापडत नाही. एसएसडीवरची फाइल चुकून उडाली तर मशीन लगेच बंद करणं, एवढाच उपाय हाती असतो. शिवाय एसएसडी मरताना टक-टक करत नाही. कालपर्यंत चालू असलेली आज बायोसमध्येही (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) दिसत नाही, असं होतं.

१३. चेकडिस्क तासन् तास एकाच टक्क्यावर अडकली आहे. बंद करू का?

डिस्कचा दिवा लुकलुकतोय आणि आवाज नेहमीचा आहे, तर थांबा. टक्का सरळ चालीने पुढे जात नाही. पण त्याच टक्क्यावर आदल्या रात्रीपासून असेल किंवा टक-टक ऐकू येत असेल, तर बंद करणं बरं. मध्येच तोडण्यात धोका आहे, पण मरत्या डिस्कला रात्रभर रगडण्यात त्याहून मोठा आहे.

१४. महिन्यातून एकदा चालवत जाऊ का?

गरज नाही. एनटीएफएसची तपासणी विंडोज स्वतःच अधूनमधून पाठीमागे करतं. त्याऐवजी महिन्यातून एकदा स्मार्टच्या त्या चार ओळी बघा आणि बॅकअपमधली एखादी फाइल खरंच उघडते का ते बघा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर घ्या. चेकडिस्क शंभरदा चालवण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

१५. डेटा रिकव्हरी लॅबकडे कधी न्यायची?

टक-टक आवाज, डिस्क फिरतच नाही, पडलेली किंवा भिजलेली डिस्क, बायोसमध्ये न दिसणारी डिस्क. यांतलं काहीही असेल आणि आतला डेटा मोलाचा असेल, तर वीज तोडा आणि पुन्हा सुरू करून बघू नका. झाकण घरी उघडू नका; हेड आणि प्लॅटर (आतली फिरणारी तबकडी) यांच्यातलं अंतर इतकं कमी असतं की धुळीचा कणही तिथे दगडासारखा आदळतो. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजून फिरतो. तो ऐकू नका, आत दव धरतं. भिजलेली डिस्क तांदळात घालून किंवा उन्हात वाळवू नका, ओलसर कापडात गुंडाळून तशीच न्या. लॅबला खर्चाचा अंदाज आधी लेखी मागा, आणि आधी काय काय करून पाहिलं ते लपवू नका. कुठली कमांड चालवली हे कळलं तर त्यांना कुठून सुरुवात करायची ते ठरवता येतं.

१६. दुरुस्त झालेली डिस्क पुढे वापरावी का?

कारण गेलेली वीज किंवा केबल होती आणि स्मार्ट स्वच्छ आहे, तर खुशाल वापरा. बॅड सेक्टर निघाले असतील तर सिनेमे ठेवायलासुद्धा वापरू नका. कुणीतरी एक दिवस त्यावर मुलीच्या बारशाचे फोटो टाकतंच. डेटा नव्या डिस्कवर हलवून झाला, तो उघडून पाहिला, की जुनीवर मार्करने ‘खराब’ आणि तारीख लिहून ती कप्प्यात वेगळी ठेवा.